जरा थांबा, आम्ही आहोत

३ जानेवारी

आज एका बटणापायी तीन मजले भांडले.

भरणा टीमला 'पैसे भरा' हे बटण निळ्याचं हिरवं करायचं होतं. बस्स, एवढंच. पण आमच्या विमा कंपनीची वेबसाइट म्हणजे एकच एक अवाढव्य प्रोग्राम आणि नऊ टीम त्यात हात घालून बसलेल्या. एकीने काही बदललं की बाकीच्यांनी आपापलं सगळं तपासायचं, आणि सगळ्यांचं झालं की एकत्र बाहेर सोडायचं. बटण हिरवं व्हायला दोन महिने लागले, आणि झालं त्या दिवशी शोधाच्या पानावरची अक्षरं गायब. मग ईमेल, मग आवाज, मग नेहमीचं पालुपद: आमच्याकडे चालतंय, तुमच्याकडे बघा. बारभाईची खेती, काय लागेल हाती.

मी गेलं वर्षभर घसा फोडून सांगतेय. ग्राहकाला पान एकच दिसू दे, पण आतून त्याचे तुकडे करा. शोध वेगळा, पॉलिसी वेगळी, दावा वेगळा, भरणा वेगळा. ज्याचा तुकडा त्याने कधीही बदलावा, कधीही सोडावा. या तुकड्यांना एका चौकटीत बसवणारा एक छोटासा प्रोग्राम असेल, त्याचं नाव शेल. तो माझी टीम सांभाळेल. मायक्रो फ्रंटएंड म्हणतात याला. जगभर करतात. मी काही चंद्रावर घर बांधायला सांगत नाहीये.

आमच्या साहेबांना सगळं ऑफिस 'पुढचा मुद्दा' म्हणतं, कारण कोणाचंही बोलणं अर्ध्यावर आलं की तो 'पुढचा मुद्दा' म्हणतो. आज पहिल्यांदाच म्हणाला नाही. उलट विचारलं, "म्हणजे कुठला तुकडा कोणाचा, हे स्पष्ट दिसेल?"

म्हटलं, "आरशासारखं, सर."

"आणि प्रत्येक तुकड्याला किती माणसं लागतात, तेही?"

तेही दिसेल म्हटलं. सतरा वर्षांत या माणसाला कान आहेत हे मला माहीतच नव्हतं. सुरू करा म्हणाला!

११ जानेवारी

दावा टीमची समजूत घालायला गेले. हीच टीम सगळ्यांत अवघड. घरातलं कोणी आजारी पडलं, गेलं, की माणूस त्यांच्या पानावर येतो. ते पान काकांनी लिहिलेलं आहे. काका म्हणजे कोणाचेच काका नव्हेत. ऑफिसातले सगळ्यांत जुने इंजिनिअर. मला इथला पहिला प्रोग्राम त्यांनीच शिकवला. तेव्हापासून मला अगं-तुगं करतात, मी त्यांच्या वर गेले तरी. मला ते आवडतं.

सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे आम्हाला वेगळं काढणार म्हण ना."

"वेगळं नाही हो काका. स्वतंत्र."

"आमच्या थोरल्या चुलत्यांनी वडलांना घराबाहेर काढताना हाच शब्द वापरला होता."

हशा पिकला. मीही हसले. पण नंतर जिन्यात त्यांनी मला थांबवलं. म्हणाले, "अगं, बटणं कुठे का जाईनात. तुझ्या काकूच्या हृदयाची झडप बदलायची आहे, आज ना उद्या. डॉक्टर म्हणतात आधी ताकद येऊ दे. कंपनीचा विमा आहे म्हणून मी निवांत झोपतो. तुझ्या या तोडफोडीत माझी खुर्ची जात नाही ना, तेवढं सांग. बाकी तू म्हणशील ते करतो."

"काका, मी आहे ना," म्हटलं.

त्यांनी मान डोलावली आणि खाली गेले. परत वर जाऊन मी सगळ्या टीमलाही सांगून टाकलं, कोणाचीही खुर्ची हलणार नाही. असं स्पष्ट बोललं की लोक कामाला लागतात.

१२ जानेवारी

आई टेलिफोन खात्यात ऑपरेटर होती. निवृत्त होऊन जमाना झाला तरी फोन अजून डाव्या खांद्यात धरून बोलते. तिला सगळं समजावून सांगितलं.

"म्हणजे तुकड्यांनी एकमेकांशी बोलायचंच नाही?"

"सरळ नाही. शेलला निरोप द्यायचा, शेल पुढे देईल."

"म्हणजे तू मधे बसणार, कानाला लावून. आमच्यासारखी."

"साधारण तसंच."

"आमच्याकडे ऑटोमॅटिक मशीन आलं तेव्हा साहेब म्हणाले होते, तुमच्या मदतीला आणलंय. इतकी मदत केली मेल्याने, की आम्हाला कामच उरलं नाही."

आईला सोन्याच्या ताटातही खडा सापडतो. मी विषय बदलला.

४ फेब्रुवारी

पहिला नियम मी फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिला: शेजाऱ्याच्या घरात डोकवायचं नाही. एका तुकड्याने दुसऱ्याच्या आत हात घालायचा नाही, काय हवं ते शेलकडून मागायचं. हा नियम मोडला की तुकडे फक्त नावाचे उरतात.

माणसांचंही तेच. दावा आणि भरणा या दोन टीम वर्षानुवर्षं एकाच लांब टेबलाच्या दोन बाजूंना बसायच्या. मधे काकांचा खाऊचा डबा. काही अडलं की मान वर करून विचारायचं, "ए, तुमची तारीख कुठून येते रे?" आणि तिथल्या तिथे दुरुस्त करायचं. चांगलं वाटतं, पण असल्या तोंडी कारभारानेच तर सगळा गुंता झाला. भरणा टीमला मी पाचव्या मजल्यावर हलवलं. आता काही हवं असेल तर तिकीट टाकायचं, म्हणजे सिस्टिमवर लेखी मागणी नोंदवायची आणि रांगेत थांबायचं. डबा कोणाकडे राहणार यावर थोडी रडारड झाली. शेवटी काकांनी खाऊ वाटून टाकला आणि रिकामा डबा आपल्या कपाटात ठेवला.

मनाला थोडं लागलं. पण स्वच्छता करायची म्हटली की घर थोडं ओकंबोकं दिसतंच.

२१ मार्च

भरणा टीमने आज एक बटण बदललं. सकाळी ठरवलं, जेवायच्या आधी झालं. कोणाला विचारलं नाही, कोणाचं काही मोडलं नाही. मी बाथरूममध्ये जाऊन रडले. मला या गोष्टीसाठी रडू येतं हे कोणाला सांगायची सोय नाही.

तिसऱ्या मजल्यावर मोठा स्क्रीन लावलाय. नऊ दिवे, प्रत्येक तुकड्याचा एक. सगळे हिरवे.

पान थोडं जड झालंय, मान्य. प्रत्येक तुकडा आपली शिदोरी स्वतः बांधून आणतो, त्यामुळे उघडायला वेळ लागतो. आणि एकाच पानावर हिरव्या रंगाच्या चार छटा दिसतात. कॉफीच्या मशीनपाशी कोणीतरी म्हणालं, "एक ना धड, भाराभर चिंध्या." मी मागेच उभी होते. पोराचा चेहरा बघण्यासारखा झाला. रंगांचं काय, रंग करू सारखे. आधी दोन महिने लागत होते ते विसरले वाटतं.

८ एप्रिल

वाईट दिवस. एका शाखेत एक बाई नवऱ्याच्या मृत्यूचा दावा घेऊन आल्या होत्या. पानावर वरच्या तुकड्यात लिहिलेलं: दावा मंजूर. त्याच पानावर खालच्या तुकड्यात: देय रक्कम शून्य. शाखेतल्या माणसाने म्हणे त्यांना सांगितलं, कंपनीने मंजूर केलंय पण काही मिळणार नाही. त्या तिथेच खाली बसल्या.

आम्ही स्क्रीनकडे पाहतोय, तर नऊच्या नऊ दिवे हिरवे. दावा म्हणतो माझं बरोबर, भरणा म्हणतो माझं बरोबर. आणि दोघांचंही खरंच बरोबर होतं! दावा टीमने निरोपातल्या एका रकान्याचं नाव बदललं होतं, आणि भरणा जुन्याच नावाची वाट बघत बसला होता. मी तीन मजले चढ-उतार करून, दोघांना एका टेबलाशी बसवलं, तेव्हा सापडलं.

पण मला जे झोंबलं ते पुढे. काकांना ते सोमवारपासूनच दिसत होतं. त्यांनी तिकीट टाकलं होतं. भरणा टीमच्या रांगेत ते तिकीट अजून उघडलेलंही नव्हतं.

"काका, वर जाऊन सांगायचं ना!"

"तूच फळ्यावर लिहिलंयस की."

मला इतका राग आला. नियम प्रोग्रामसाठी असतो, जिभेसाठी नसतो, हे काय लिहून द्यायचं? पण हेही खरं की त्याच फळ्याखाली उभं राहून मी मार्चमध्ये एकाला सगळ्यांदेखत झापलं होतं, फोनवर काम उरकलं म्हणून.

११ एप्रिल

पुढचा मुद्दा रागावेल म्हणून सगळी तयारी करून गेले होते. तर स्वारी खुशीत.

"पूर्वी अशी चूक शोधायला किती दिवस लागायचे?"

"आठवडा."

"आता कोणत्या टीममुळे झालं, हे एका दिवसात कळलं. दावा टीम. बरोबर?"

म्हटलं, सर, चूक एका टीमची नाही, मधल्या फटीची आहे. तो म्हणाला, "फटीला पगार नसतो. पुढचा मुद्दा. एखादा तुकडा बिघडला तर तो तेवढाच बंद करून बाकीचं पान चालू ठेवता येईल का?"

हा प्रश्न मी स्वतःला विचारायला हवा होता. येईल म्हटलं. घरी येईपर्यंत डोक्यात अर्धा प्रोग्राम तयार होता.

२९ एप्रिल

आजचा दिवस कोरून ठेवावा असा.

शेलमध्ये मी प्रत्येक तुकड्यासाठी एक बटण केलं. दाबलं की तो तुकडा निघतो आणि त्याच्या जागी एक निरोप दिसतो. तेच बटण पुन्हा दाबलं की तुकडा परत. वाटलं तर नवा काढून जुना लावायचीही सोय ठेवली. प्रात्यक्षिकासाठी मुद्दाम दावा निवडला. सगळ्यांत गुंतागुंतीचा तुकडा काढून पान जगलं, तर मग कोणाला बोलायला जागा राहणार नाही.

निरोप काय असावा हे काकांनाच लिहायला सांगितलं. एरवी आमचे लोक लिहितात, 'सेवा अनुपलब्ध, त्रुटी क्रमांक अमुक'. काकांनी लिहिलं: 'जरा थांबा. आम्ही आहोत.'

"हे काय काका?"

"अगं, या पानावर कोणी हौसेने येत नाही. घरात कोणीतरी आडवं पडलेलं असतं. त्याला त्रुटी क्रमांक काय चाटायचाय?"

मला पटलं. तसंच ठेवलं.

वरच्या मजल्यावरचे सगळे आले होते. बटण दाबायचा मान मी काकांनाच दिला. त्यांनी चष्मा वर केला, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि दाबलं. दाव्याचा दिवा विझला. बाकी आठ हिरवे. शोध चालू, पॉलिसी चालू, भरणा चालू. मधल्या चौकोनात काकांचं ते वाक्य. तासभर तसं ठेवलं, हेल्पलाइनवर दोन-चार फोन आले तेवढेच. टाळ्या वाजल्या.

"छान चाललंय की माझ्यावाचून," काका म्हणाले. सगळे हसले, आणि मी सगळ्यांत मोठ्याने.

३ मे

पुढचा मुद्दा स्वतः माझ्या जागेवर आला. खुर्ची ओढून बसला. असं कधी झालेलं नाही.

"त्या रिकाम्या चौकोनात दुसऱ्या कोणी लिहिलेला तुकडा बसेल का?"

"कोणाचाही बसेल, सर. निरोपांचे नियम पाळले की झालं." मी फळ्यावर चौकोन काढून दाखवले, बाण काढले.

"तो माणूस कुठे बसतो याने फरक पडतो?"

"मुळीच नाही. तीच तर यातली गंमत आहे."

त्याने फळ्याचा फोटो काढला. माझ्या चित्राचा! जाताना म्हणाला, पुढच्या वर्षी सगळ्या कंपनीची रचना या धर्तीवर करायची आहे, त्याला एक प्रमुख लागेल. नाव घेतलं नाही. पण फळ्याकडे पाहून म्हणाला.

२६ मे

बाहेरच्या एका कंपनीतून तिघं पाहुणे आलेत. दावा टीमवर ताण आहे, त्यांच्या मदतीला. मी त्यांना काकांशेजारी बसवलं. काका मन लावून शिकवतायत. कुठल्या आजाराला कुठला कागद लागतो, कुठला रकाना चुकला तर माणसाला हेलपाटा पडतो, सगळं. खाऊचा डबाही कपाटातून बाहेर आला.

आज विचारत होते, "हे आमच्या मदतीला आलेत, की आमच्या जागेला?"

"काका, तुम्ही पण ना!"

"नाही, विचारून ठेवलं. बटण तर मीच दाबलं होतं."

सरांना एकदा सरळ विचारून टाकावं असं ठरवून मीटिंगला गेले होते. पण नेमका त्यांनी माझ्या नव्या पदाचा विषय काढला आणि ते राहूनच गेलं. उद्या विचारेन.

१७ जून

दावा टीम बंद. सगळीच्या सगळी. महिनाअखेरपर्यंत. तुकडा आता ती बाहेरची कंपनी सांभाळेल.

मी दार न वाजवता आत शिरले. "सर, मी त्यांना शब्द दिला होता."

"कंपनीच्या वतीने? कोणाला विचारून?"

कोणालाच विचारलं नव्हतं.

"हे तुम्हीच सिद्ध केलंत," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता, कौतुकच होतं. "मी इतकी वर्षं म्हणत होतो की हे काम बाहेर देता येईल, आणि सगळे म्हणायचे, एक धागा ओढला तर सगळं उसवेल. तुम्ही तासभर काढून दाखवलंत."

"काकांच्या घरी आजारपण आहे."

"म्हणून तर सगळ्यांचा विमा तीस सप्टेंबरपर्यंत चालू ठेवलाय. माणुसकी आहे आपल्याकडे. पुढचा मुद्दा."

त्याला शिव्या द्याव्यात असं फार वाटतंय. पण मला आठवतंय की 'मुळीच नाही' हे उत्तर मी दिलं होतं, आणि खुशीत दिलं होतं. मी तंत्राबद्दल बोलत होते. तो माणसांबद्दल विचारत होता हे मला कुठून कळणार?

२० जून

काकांना भेटायचं टाळत होते. शेवटी तेच समोर आले, जिन्यात.

"काका, मला खरंच माहीत नव्हतं."

"असेल ना."

"तुम्हाला कळलं होतं?"

"बटण दाबतानाच कळलं होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही इतक्या खुशीत होतात," म्हणाले. "म्हटलं, राहू द्या."

मग विम्याची तारीख नक्की तीस सप्टेंबर ना, हे दोनदा विचारून घेतलं. मी हो म्हटलं. काही लागलं तर फोन करा, मी आहे, असंही म्हटलं. ते "बरं मॅडम" म्हणाले.

आज फारच औपचारिक वागले. रागावलेत. येतील ताळ्यावर.

१ जुलै

नवं पद मिळालं. काचेची खोली, दारावर पाटी. नाकारणार होते, खरंच. दोन रात्री विचार केला. पण मी नाकारल्याने दावा टीम परत आली असती का? उलट माझ्या जागी दुसरा कोणी आला तर उरलेल्या आठ टीमचं काय होईल? आत राहूनच काहीतरी करता येतं.

आईला सांगितलं. ती भाजी निवडत होती. वर न बघता म्हणाली, "कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ."

मी ताडकन उठून आत गेले. कुऱ्हाड मी उचलली नाही. आणि दांड्याला विचारतं कोण?

१४ सप्टेंबर

काकांचा मेसेज आला, अडीच महिन्यांनी. काकूंची ताकद भरून आली आहे. तपासण्यांचे रिपोर्ट एकोणतीसला मिळतील, तीसला सकाळी हॉस्पिटल मंजुरीचा अर्ज भरेल. अर्ज विम्याच्या मुदतीत गेला की झालं, ऑपरेशन नंतर झालं तरी चालतं. 'काठावर पास होतोय बघा,' असं लिहिलंय.

बरं वाटलं. म्हणजे राग गेला. मी फुलाचं चित्र पाठवलं.

बाहेरच्या कंपनीचं काम ठीक चाललंय. दिवे हिरवे.

३० सप्टेंबर

आजच्यासारखा दिवस वैऱ्यावर येऊ नये.

बाहेरच्या लोकांनी सकाळी तुकड्याची नवी आवृत्ती सोडली आणि दावा आडवा झाला. पान उघडेना, अर्ज जाईना. आम्ही फोन करतोय, तर तिकडून उत्तर: आमच्या बाजूने सगळं हिरवं आहे. तुमच्या बाजूने बघा. हे वाक्य मी आधी कुठे ऐकलंय? शेवटी मी तुकडा काढला आणि त्याच्या जागी निरोप लावला. हेल्पलाइन पेटली होती.

जुना तुकडा, काकांचा, अजून शेलमध्ये पडून आहे. बटण दाबलं असतं तर पाच मिनिटांत लागला असता. सरांना विचारलं. "अजिबात नाही. करारात आहे, आपण हात लावला तर जबाबदारी आपली. त्यांना निस्तरू दे." मी एकदा म्हटलं, लोक खोळंबलेत. तो म्हणाला, "आज नाही तर उद्या भरतील." मग मी ताणून धरलं नाही. करार म्हणजे करार.

त्या गडबडीत काकांचे फोन. एकदा, दोनदा, तीनदा. त्यांना तुकडा बंद दिसला असणार आणि कुठे बिघडलंय ते सांगायचं असणार, स्वभावच तो. एरवी घेतला असता. पण खोलीत साहेब, दुसऱ्या फोनवर वकील, आणि ज्यांना आपण घालवलं त्यांच्याकडूनच उपाय ऐकायचा, एवढी ताकद आज माझ्यात नव्हती. फोनमध्ये तयार मेसेज असतात त्यातला एक पाठवला: 'कामात आहे, थोड्या वेळाने बोलते.' आणि फोन पालथा ठेवला.

दिवेलागणीला दावा परत सुरू झाला. नऊही हिरवे. आता झोपते.

१ ऑक्टोबर

आंघोळ करताना आठवलं. काल तीस तारीख होती.

केस ओलेच, तशीच फोनपाशी आले. काकांनी लगेच उचलला.

"काका, अर्ज गेला ना?"

"नाही. सकाळपासून हॉस्पिटलच्या काउंटरपुढे बसलो होतो. तिथल्या मुलीने स्क्रीन माझ्याकडे वळवून दाखवला. निरोप नीट दिसतोय हो, अक्षरं मोठी आहेत. वाचता येतात."

"तुम्ही मला फोन..."

"जुना तुकडा लावा म्हणून सांगायचं होतं. तेवढा अर्ज जाईपर्यंत. तुम्ही कामात होतात."

"संध्याकाळी सुरू झालं होतं, काका!"

"तोवर काउंटर बंद झालं होतं. आज भरला तिने. मुदत संपली म्हणून परत आला."

मी म्हटलं, मी बघते, मी सरांशी बोलते, यातून काहीतरी मार्ग निघेल. ते ऐकून घेत होते. मागून काकूंचा आवाज आला, कोणाचा फोन आहे हो? काका त्यांना म्हणाले, "ऑफिसचा."

मग मला म्हणाले, "सरकारी दवाखान्यात नाव घातलंय. नंबर लागायला वेळ आहे. बघू."

फोन ठेवल्यावर मी पलंगावर बसून राहिले. आई आली आणि टॉवेल हातात देऊन गेली.

३ ऑक्टोबर

सरांकडे गेले. हात जोडले म्हटलं तरी चालेल. आपलाच तुकडा बंद होता, आपल्यामुळे अर्ज गेला नाही, एका दिवसाची सवलत द्या.

"आपला तुकडा नव्हे, त्यांचा," तो म्हणाला. बाहेरची कंपनी म्हणते, शेल तुमचा. कर्मचाऱ्यांचा विमा बघणारा विभाग म्हणतो तारीख सिस्टिम ठरवते, सिस्टिम कोणाची ते आम्हाला विचारू नका. मी दिवसभर मजले चढले-उतरले. प्रत्येक जण आपापल्या जागी बरोबर होता. सगळ्यांना एका टेबलाशी बसवावं म्हटलं, तर तसं टेबलच आता ऑफिसात राहिलेलं नाही.

आईने विचारलं, काय झालं? म्हटलं, बोलणी चालू आहेत.

६ ऑक्टोबर

काकूंबद्दल काही कळलं नाही. काकांना दोन मेसेज टाकले, वाचलेत, उत्तर नाही. पुन्हा फोन करायला हात उचलत नाही. काय सांगू?

आज कायदा विभागाची बाई माझ्या काचेच्या खोलीत आली. तीस तारखेच्या गोंधळाच्या तक्रारी आल्यात, त्यात बऱ्याच जणांनी त्या निरोपाच्या स्क्रीनचा फोटो जोडलाय. तिचं म्हणणं, 'आम्ही आहोत' असं लिहिणं म्हणजे हमी देणं. उद्या कोणी कोर्टात गेलं तर ते वचन धरलं जाईल. हे लिहिलं कोणी, म्हणून विचारलं. मी म्हटलं, जुनं आहे.

काढून टाका म्हणाली. शेल माझा, त्यामुळे काम माझंच. टीमला सांगता आलं असतं, पण मी स्वतःच केलं. दोन शब्द आणि एक पूर्णविराम. कोणाला विचारावं लागलं नाही, कोणाचं काही मोडलं नाही, चहा निवायच्या आत बाहेर गेलं.

आता तिथे फक्त 'जरा थांबा.' एवढंच आहे.